तिकडच्या बायकांना आता काय कमी आहे?

दिवाळीच्या फराळाला आमच्या घरी चकली, कडबोळी आणि अनारसे यांच्याबरोबर वाद हाही एक पदार्थ दरवर्षी असतो. वडिलांच्या वेळी तो संयुक्त महाराष्ट्रावरून होई, पुढे आणीबाणीवरून झाला, त्यानंतर हुंड्यावरून. गेल्या पाडव्याला तो स्त्रीवादावरून झाला, आणि तोही आपल्याकडच्या नव्हे, तिकडच्या. निमित्त झाले माझ्या भाच्याचे. तो गेली अठरा-वीस वर्षे अमेरिकेत आहे. बशीतला चिवडा संपवता संपवता तो म्हणाला, "मावशी, इथे तुम्हांला काय लढायचे ते लढा. त्याला माझी ना नाही. पण तिकडे स्त्रीवादाचे काम कधीच संपले आहे. मत आहे, शिक्षण आहे, नोकरी आहे, कायदा सगळ्यांना सारखा आहे. इंग्लंडात तीन बायका पंतप्रधान होऊन गेल्या. आता जे चालले आहे तो नुसता कांगावा. तिकडच्या बायकांना आता काय कमी आहे?"

बैठकीतल्या बहुतेक माना डोलल्या. त्यांत बायकांच्याही होत्या. भाचेसून सगळ्यांच्या बशा पुन्हा भरत होती, ती काही बोलली नाही. मी काहीतरी बोलले, पण ते मला स्वतःलाच पटले नाही. तोंडी उत्तर नीट देता आले नाही, म्हणून आता छापील देत आहे. भाच्याने रागावू नये. त्याचा प्रश्न प्रामाणिक आहे, आणि तो त्याच्या एकट्याचा नाही. हल्ली शहाणीसुरती माणसे हाच प्रश्न विचारतात.

आधी शब्दाचा घोळ मिटवते. स्त्रीवाद म्हटला की काहींच्या डोळ्यांपुढे नवऱ्याला जाब विचारणारी, केस कापलेली, सदा संतापलेली बाई उभी राहते. तशा बाईशी मला कर्तव्य नाही, आणि तिने केस कापले तर माझे काही जातही नाही. मी स्त्रीवाद म्हणते तो एवढाच: बाई ही आधी माणूस आहे, माणसाला म्हणून जे मिळते ते तिला मिळावे, आणि मिळत नसेल तर तसे बोलून दाखवावे. यापलीकडचे वाद पंडितांनी घालावेत.

दुसरी गोष्ट. "आपल्याकडच्या बायकांचे हाल पाहा, अफगाणिस्तानातल्या बायकांचे पाहा, मग तिकडच्यांनी कशाला रडावे?" असे एक उत्तर हमखास ऐकू येते. हे वैद्यकीच चुकीचे आहे. शेजारच्या घरात विषमज्वर आहे म्हणून आपल्या हिवतापाला औषध नको, असे कोणी म्हणत नाही. दोघांचाही ताप उतरला पाहिजे.

आता भाच्याचे म्हणणे एकेक करून घेऊ.

त्याच्या म्हणण्याच्या मुळाशी एक समजूत आहे. ती अशी की पाश्चात्त्य देश मुळातच सुधारलेले. तेथे बायकांना हक्क मिळाले ते पहाट व्हावी तसे आपसूक मिळाले. इतिहास असे सांगत नाही. आपल्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ साली प्रसिद्ध झाले. त्याच १८८२ साली इंग्लंडात लग्न झालेल्या बाईला स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवण्याचा पुरता हक्क देणारा कायदा झाला. तोपर्यंत लग्नाच्या वेदीवर बाईची कायद्यातली ओळख नवऱ्यात विरघळून जात असे. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, याचा आपल्याला केवढा अभिमान! पण त्या स्त्रियांच्याच वेगळ्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयाने पहिल्या विद्यार्थिनींना आत घेतले ते १९४५ साली. म्हणजे आनंदीबाईंनंतर जवळजवळ साठ वर्षे त्या थोर विद्यापीठाला बाईच्या हातात नाडी द्यायला धीर झाला नाही.

स्वित्झर्लंडचे उदाहरण तर आपल्या पर्यटकांनी बर्फाबरोबर पाहून यावे असे आहे. १ फेब्रुवारी १९५९ रोजी तेथल्या पुरुषांना सार्वमताने विचारण्यात आले, की बायकांना मताचा अधिकार द्यावा काय? सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांनी नको म्हणून सांगितले. त्याच्या सात वर्षे आधी आमच्या आज्या, ज्यांतल्या कित्येकींना सही येत नव्हती, रांगेत उभ्या राहून स्वतंत्र भारताच्या पहिल्या निवडणुकीत मत देऊन आल्या होत्या. स्विस बायकांना देशपातळीवर मत मिळाले ते ७ फेब्रुवारी १९७१ ला. तरीही अपेनझेल इनररोडन नावाचा एक चिमुकला प्रांत अडून बसला. तेथे गावच्या चौकात जमून हात वर करून मत द्यायची रीत होती आणि पुरुषाच्या कमरेची तलवार हाच त्याच्या मतदानाचा दाखला. तेथल्या पुरुषांनी १९९० सालीसुद्धा नकार दिला. शेवटी त्याच वर्षी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना फर्मावले, तेव्हा बायका चौकात आल्या. प्रसूतीच्या विम्याची तरतूद त्या देशाच्या घटनेत १९४५ साली झाली होती. बाळंतिणीच्या हातात प्रत्यक्ष पैसे पडू लागले ते १ जुलै २००५ पासून. साठ वर्षे! एवढ्या काळात वचन देणारेही गेले आणि ज्यांना ते दिले होते त्याही गेल्या. फ्रान्समध्ये बायकोला नवऱ्याच्या परवानगीवाचून नोकरी धरण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाला. ही काही रोमन साम्राज्यातली हकीगत नव्हे. त्या वेळी माझी आई मुंबईत शाळेत शिकवत होती.

यावर भाचा म्हणेल, "उशिरा का होईना, मिळाले ना? मग आता लढाई कसली?"

मिळालेले टिकते, हे कोणी सांगितले? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २२ जानेवारी १९७३ रोजी गर्भपाताचा निर्णय हा बाईचा घटनात्मक हक्क मानला. एकोणपन्नास वर्षे तो हक्क राहिला. दोन पिढ्यांनी तो गृहीत धरला. २४ जून २०२२ रोजी त्याच न्यायालयाने तो काढून घेतला, आणि अनेक राज्यांनी लागलीच गर्भपात जवळजवळ बंद केला. गर्भपाताविषयी वाचकांची मते निरनिराळी असतील, असू द्यावीत. माझा मुद्दा वेगळा आहे. आजीला जो हक्क होता तो नातीला राहिला नाही, अशी गोष्ट जगातल्या सर्वांत बलाढ्य लोकशाहीत घडू शकते. (आपल्या देशात याविषयीचा कायदा १९७१ सालचा आहे, अमेरिकेच्या त्या निकालाहून दोन वर्षांनी जुना. तो २०२१ मध्ये अधिक मोकळा झाला. सगळीच सुधारणा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहते असे नाही.)

आणि कायद्याचा हा वाद पुस्तकी आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बेळगावच्या सविता हलप्पनवर यांना आठवावे. शिक्षणाने दंतवैद्य, वय ३१, नवऱ्याबरोबर आयर्लंडच्या गॉलवे शहरात राहत होत्या. ऑक्टोबर २०१२ मध्ये, सतराव्या आठवड्यात त्यांचा गर्भ पडू लागला. तो जगणार नाही हे डॉक्टरांना कळले होते. गर्भ काढून टाका, अशी विनंती त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी केली. गर्भाचे ठोके चालू आहेत तोवर ते करता येत नाही, असे उत्तर मिळाले. कारण १९८३ साली आयर्लंडने आपल्या घटनेतच आईचा जीव आणि गर्भाचा जीव यांना सारखे वजन दिले होते. ठोके थांबेपर्यंत सविताबाईंच्या रक्तात जंतुदोष पसरला होता. २८ ऑक्टोबरला त्या गेल्या. उपचारातही चुका झाल्या, हे पुढे चौकशीत निघाले. पण त्या चुकांच्या पाठीशी तो कायदा उभा होता. १४ नोव्हेंबरला ही बातमी जगभर झाली. आपल्याकडे तेव्हा दिवाळी चालू होती. बेळगावच्या त्या घरी कसली दिवाळी! पुढे आयर्लंडच्या बायका, आणि पुष्कळ पुरुषही, सविताबाईंचे चित्र हाती घेऊन रस्त्यावर उतरले, आणि २५ मे २०१८ रोजी सुमारे दोन-तृतीयांश मतदारांनी ते कलम रद्द केले. ज्यांना तो कांगावा वाटतो त्यांनी एवढेच सांगावे, की तो 'कांगावा' आणखी दहा वर्षे आधी झाला असता तर कोणाचे काय बिघडले असते?

तिसरा मुद्दा कायद्याच्या सारखेपणाचा. कायदा सगळ्यांना सारखा, हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण सारखा कायदा सारखे फळ देतोच असे नाही. अमेरिकेत खाजगी नोकरीतल्या बाळंतिणीला पगारी रजा देणारा देशभराचा कायदा आजही नाही. १९९३ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा मिळते, तीही बिनपगारी; आणि लहान धंद्यात काम असेल किंवा नोकरीला वर्ष झाले नसेल तर तीही नाही. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी आपापली सोय केली आहे, बाकीच्यांत ज्याचे त्याने पाहावे. आपल्याकडे नोंदलेल्या नोकरीतल्या बाईला २०१७ पासून सव्वीस आठवडे पगारी रजा आहे. (आपल्याकडे अशी नोंदलेली नोकरी किती बायकांना असते, हे दुखणे वेगळे.) अमेरिकेचा तो कायदा स्त्री-पुरुष भेद करीत नाही. पुरुषालाही बारा आठवडे, बाईलाही बारा आठवडे. बाळंतपण मात्र एकटीलाच येते, एवढाच काय तो फरक!

औषधाच्या गोळीचीही तीच गोष्ट. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ साली मंजूर झाली आणि स्त्री-पुरुषांना सारख्याच मात्रेत देण्यात येऊ लागली. बाईच्या शरीरातून हे औषध सावकाश उतरते. सकाळी मोटार चालवायला बसावे तर अंमल शिल्लक. सरकारी औषध खात्याने बायकांसाठी मात्रा निम्मी करायला सांगितली ती २०१३ साली. सुमारे वीस वर्षे लाखो बायका दुप्पट मात्रा घेत होत्या. यात कोणी दुष्ट नव्हता. कोणी बायकांचा द्वेषही करीत नव्हता. माप घेताना पुरुषाचे घेतले आणि ते माणसाचे म्हणून लावले, एवढेच घडले. तिकडचा आजचा स्त्रीवाद पुष्कळदा असल्या नजरचुकांशीच भांडतो. त्या चुका कोणी मुद्दाम केलेल्या नसतात, म्हणून तर त्या दिसत नाहीत. आणि दिसत नाहीत, म्हणून दाखवणारी माणसे लागतात.

आता पगाराकडे वळते, कारण तेथे भाच्याचा आवाज सर्वांत चढला होता. "बायका स्वतःच कमी पगाराची कामे निवडतात, मुले झाली की स्वतःच घरी बसतात. निवड त्यांची, दोष समाजाला!" यात तथ्य मुळीच नाही असे मी म्हणत नाही. आकडे नुसते शेजारी शेजारी ठेवून आरडाओरडा करणे मलाही मान्य नाही. पण इंग्लंडातल्या बर्मिंगहॅम शहराच्या नगरपालिकेचे काय झाले ते पाहा. तेथे स्वयंपाक करणाऱ्या, साफसफाई करणाऱ्या, म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणाऱ्या बायका आणि कचरा उचलणारे, रस्ते झाडणारे पुरुष यांची कामे एकाच दर्जाची धरलेली होती. पुरुषांना वर्षानुवर्षे बोनस मिळे, बायकांना नाही. कायदा १९७० सालापासून होता! दावा लढत लढत बायका देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्या आणि २०१२ साली तेथे जिंकल्या. ती देणी पुढे इतकी साचली, की सप्टेंबर २०२३ मध्ये त्या बलाढ्य नगरपालिकेने खर्चाला पैसा उरला नाही म्हणून हात वर केले. कारणे आणखीही होती, पण हे त्यांतले एक मोठे. बायकांनी काम निवडले होते हे खरे. कमी दाम कोणी निवडले होते?

आणि मुले झाल्यावर घरी बसण्याच्या 'निवडी'विषयी. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक क्लॉडिया गोल्डिन या अमेरिकन विदुषीला मिळाले. बायकांच्या कमाईचा दोनशे वर्षांचा इतिहास तिने उकरून काढला. आजच्या सुधारलेल्या देशांत एकाच शिक्षणाच्या मुलगा-मुलीच्या कमाईत सुरुवातीला फारसा फरक नसतो. तो रुंदावतो तो पहिल्या मुलाच्या जन्मापासून, हे तिने दाखवून दिले. डेन्मार्कसारख्या देशात, जेथे पाळणाघरे मुबलक आहेत, तेथेही मूल झाल्यावर बाईची कमाई पुरुषाच्या मानाने सुमारे वीस टक्क्यांनी मागे पडते आणि मागेच राहते, असे तेथल्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले. बापाच्या कमाईवर मात्र ओरखडाही उठत नाही. मूल दोघांचे आणि दंड एकीला!

येथे मला भाचेसुनेचे सांगितले पाहिजे. तिची परवानगी घेऊनच लिहिते. ती संगणकाची अभियंता. २००८ साली लग्न होऊन नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर ती अमेरिकेत गेली. त्या व्हिसावर नोकरी करायला मनाई. त्या कागदावर 'बायको' असे कोठे लिहिलेले नसते, 'जोडीदार' असते; पण त्या व्हिसावर घरी बसलेल्या बहुतेक बायकाच. मराठी बायका त्यांत किती असतील, हे प्रत्येकाने आपापल्या नात्यागोत्यात मोजावे. २०१५ साली नियम बदलला. ज्यांचे नवरे कायम वास्तव्याच्या रांगेत ठरावीक टप्प्याला पोचले होते, अशांना कामाची परवानगी मिळाली. भाचेसून सात वर्षांनी कामाला लागली, ती अर्थात खालच्या पायरीवर. दुसरे मूल झाले. बारा आठवडे बिनपगारी. पाळणाघराची फी तिच्या पगाराएवढी. घरात हिशेब मांडला तेव्हा ज्याचा पगार जास्त त्याची नोकरी राहिली. हिशेबात कोठेही चूक नव्हती.

त्या पाडव्याच्या दिवशी सगळे पांगल्यावर भांडी विसळताना ती मला म्हणाली, "मावशी, हे म्हणतात ते खरेच आहे. नोकरी मी माझ्या मर्जीने सोडली. फक्त त्या दिवशी टेबलावर दुसरा कोणता कागद नव्हता." एवढे बोलून ती नळाखाली पातेले धरून उभी राहिली. भाच्याचे तिच्यावर प्रेम नाही असे नाही. तो भला मुलगा आहे. म्हणूनच मला हे अधिक लागले. भल्या नवऱ्याच्या घरातही जे घडते त्याला केवळ माणसांच्या स्वभावाचे कारण देऊन भागत नाही.

मी अजून माराचे, बळजबरीचे काही बोलले नाही. सणासुदीच्या अंकात ते फार बोलूही नये. पण २०२४ सालचा फ्रान्समधला खटला वगळून पुढे गेले तर ती लबाडी होईल. जिझेल पेलिको नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या बाईला तिच्या नवऱ्यानेच वर्षानुवर्षे गुंगीचे औषध देऊन परक्या पुरुषांच्या हवाली केले. नवरा धरून ५१ आरोपी होते. त्यांत कोणी ट्रक चालवणारा, कोणी शिपाई, कोणी रुग्णसेवक. शेजारीपाजारी दिसणारी माणसे. १९ डिसेंबरला सगळेच्या सगळे दोषी ठरले. या बाईला खटला बंद दाराआड चालवून घेण्याचा हक्क होता. तिने तो नाकारला. दारे उघडी ठेवा, लाज मी का बाळगू, ज्यांनी केले त्यांनी बाळगावी, अशी तिची भूमिका होती. सगळी लाज बाईच्या पदराला बांधायची, हा रिवाज आपल्याकडचाच आहे असे आपल्याला वाटते. तो पॅरिसच्या देशातही होता, आणि एका आजीने तो भर कोर्टात सोडून टाकला.

आता दुसऱ्या बाजूचे ऐकू. कारण तेही खरे आहे. अमेरिकेत आणि युरोपात पुष्कळ ठिकाणी मुलगे शिक्षणात मागे पडत आहेत. पदवी घेणाऱ्यांत मुली अधिक आहेत. आत्महत्या करणाऱ्यांत पुरुष बायकांच्या तिप्पट, अमेरिकेत तर जवळजवळ चौपट. हे वाचून ज्या स्त्रीवादी बाईला वाईट वाटत नाही तिच्याशी माझे जमणार नाही. पण या दुःखाचे मूळ कोठे आहे? पुरुषाने रडू नये, कमावता असेल तरच तो पुरुष, मन मोकळे करणे हे बायकी, ही शिकवण त्याला कोणी दिली? स्त्रीवादाने खासच नाही. बाईला स्वयंपाकघरात कोंडणाऱ्या याच शिकवणीने पुरुषाला घराबाहेर ठेवले. आइसलँडने २००० साली कायदा करून बापांसाठी तीन महिन्यांची पगारी रजा राखून ठेवली. ती आईला देता येत नसे, घेतली नाही तर बुडे. बहुसंख्य बापांनी ती घेतली. तान्ह्या मुलाला रात्री खांद्यावर झुलवण्याचे सुख त्या पुरुषांना कोणत्या पुरुषहक्कवाल्याने मिळवून दिले?

चळवळीचेही दोष आहेत. मताच्या हक्कासाठी झगडणाऱ्या अमेरिकन गोऱ्या बायकांतल्या कित्येकींनी काळ्या भगिनींना मागच्या रांगेत उभे केले. आजही मोठ्या हुद्द्यावरच्या बाईला संचालक मंडळातल्या खुर्च्या मोजायला वेळ असतो, आणि तिचे घर झाडणारीची मजुरी मोजायला नसतो. स्त्रीमुक्तीची घोषणा छापलेले सदरे विकणाऱ्या दुकानांनी ते सदरे शिवणाऱ्या बायकांना काय दिले, हेही विचारले पाहिजे. कोणी विरोधी मत मांडले की त्याच्यावर तुटून पडायचे, ही खोडही वाईट. पण डॉक्टर उर्मट आहे म्हणून रोग नाही असे ठरत नाही. फार तर डॉक्टर बदलावा, नाहीतर त्याला चार शब्द सुनवावेत.

शेवटी त्या आइसलँडकडेच येते. स्त्री-पुरुष समतेच्या जागतिक यादीत हा देश २००९ पासून पहिला येत आहे. २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तेथल्या दहांतल्या नऊ बायकांनी एक दिवस सगळी कामे बंद ठेवली. कचेरीतलीही आणि घरातलीही. संप हा शब्द काहींना बोचेल म्हणून त्यांनी 'बायकांची सुट्टी' असे साधे नाव दिले. देशाची वस्ती तेव्हा सव्वादोन लाखांच्या आत, आणि राजधानीच्या चौकात पंचवीस हजारांच्या आसपास बायका जमल्या. मासळीचे कारखाने थंड पडले, शाळा अडखळल्या, बाप मुलांना घेऊन कचेरीत गेले, आणि दुकानांतले चटकन शिजणारे सॉसेज दिवसाअखेर संपून गेले! पुढच्याच वर्षी समतेचा कायदा झाला. १९८० साली विग्दिस फिनबोगादोतिर ही घटस्फोटित, एकटीने मूल वाढवणारी बाई राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आली. लोकांनी मत देऊन निवडलेली ती जगातली पहिली स्त्री राष्ट्राध्यक्ष.

भाच्याच्या न्यायाने तेथले काम त्याच वेळी संपायला हवे होते. पण २४ ऑक्टोबर २०२३ रोजी त्या देशाच्या बायकांनी पुन्हा दिवसभर काम बंद ठेवले. घोषणा होती, "याला तुम्ही समता म्हणता?" आणि त्या दिवशी सुट्टी घेणाऱ्यांत देशाची पंतप्रधान कात्रिन याकोब्सदोतिर हीसुद्धा होती. बाई पंतप्रधान झाली की प्रश्न सुटतो, असे ज्यांना वाटते त्यांना याहून स्पष्ट उत्तर मला देता येणार नाही. खुद्द पंतप्रधानच म्हणत होती, अजून सुटलेला नाही.

पहिल्या नंबरच्या देशातल्या बायका हे म्हणतात याचा अर्थ त्या कृतघ्न आहेत असा मी करीत नाही. ज्यांनी उंबरठा ओलांडला त्यांनाच आतली खोली दिसते. मत मिळाल्यावर मालमत्ता दिसली, मालमत्ता मिळाल्यावर पगार दिसला, पगार मिळाल्यावर रात्रीच्या वाटेवरची भीती आणि पाळण्याची दोरी दिसली. ही यादी संपणारच नाही काय, असे कोणी वैतागून विचारील. संपेल, अवश्य संपेल. पण ती संपली की नाही हे कोणी ठरवायचे?

माझा भाच्याशी खरा वाद येथेच आहे. आपल्या घराघरांत दिवाळीचे जेवण झाले की पुरुषमंडळी हात धुऊन पान लावतात आणि म्हणतात, "झाले बुवा सगळे छान!" त्याच वेळी आत ओट्यावर तेलकट कढया असतात, उरलेले अन्न झाकायचे असते, उद्याचे भिजत घालायचे असते. पुरुष खोटे बोलत नसतात. त्यांच्यापुरते खरेच सगळे झालेले असते. काम संपले काय, हे ज्याच्या हातात काम आहे त्याला विचारावे. पान लावणाऱ्याला विचारू नये. गेल्या पाडव्याला आम्ही सगळ्यांनी तिकडच्या बायकांविषयी मते दिली, आणि तिकडे सतरा वर्षे काढलेली एकुलती एक बाई बशा भरत होती. तिला कोणी विचारले नाही. मीही नाही.

यंदा भाचा पुन्हा येणार आहे. वादाची माझी तयारी आहे. त्याला आधीच कळवून ठेवले आहे, की पाडव्याच्या दिवशी बशा तो भरील आणि भाचेसून बोलेल. त्याने हो म्हटले आहे. चकल्या पाडायला सोऱ्या सापडत नाही म्हणून चारदा आत हाक मारली तर मात्र मी आत जाणार नाही.